बारा हजारांचा गोळाभात

आमच्या घरी एक मिठू होता. खरा पोपट नव्हे. तळहाताएवढा निळा डबा, समोर जाळी, मागं वायर. आई जेवणाचे डबे पुरवायची, आणि कुणी फोनवरून पैसे पाठवले की या डब्यातली बाई ठणठणीत आवाजात सांगायची, "सत्तर रुपये प्राप्त झाले." डबा घरात आला त्याच दिवशी आईनं त्याला मिठू म्हटलं आणि मग सगळी आळी त्याला मिठूच म्हणू लागली. आम्ही वर्धा रोडच्या अंगाला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मिहानमधल्या कंपन्यांत कामाला जाणारी बावीस-तेवीस मुलं-मुली आईकडून डबा घेत. बाबा बुटीबोरीला सूत काढायच्या कारखान्यात पाळीनं जात. त्यांची रात्रपाळी असली की दिवसा ते झोपलेले असायचे आणि घरात पाय दाबून चालावं लागायचं. कुकरची शिट्टी आई चिमट्यानं अर्ध्यात उचलायची. मिठूचा आवाज कमी करायचं बटण बिघडलेलं होतं, म्हणून त्या दिवसांत मिठू गव्हाच्या कोठीत जाऊन बसे आणि कोठीच्या पोटातून "सत्तर रुपये" असं घुमत राही. आई पोळी लाटता लाटता मान हलवायची. कोणाचे आले, हे तिनं मला कधी विचारलं नाही. आपण जेवू घातलं, त्याचे आले, एवढं तिला पुरेसं होतं.

मिठू बसवला मी. फोनवरचं सगळं मीच करायची. आई खापा गावची, मराठी सातवी शिकलेली. वाचायला तिला उत्तम यायचं, पण फोनवरची ती बोट लावताच पळणारी पानं तिला आवडत नसत. "तू पाह्य न वं रेणू, माह्या हाताले पीठ आहे," असं म्हणून ती फोन माझ्याकडे सरकवायची. पैसे पाठवायचा चार आकडी पिनसुद्धा मीच ठरवला होता. तो आईला एकदा सांगितला आणि ती दोन दिवसांत विसरली. मी तेव्हा अकरावीत होते. घरातली पहिली शहाणी मुलगी, असा माझा स्वतःबद्दलचा समज होता, आणि खरं सांगायचं तर आईबाबांचाही होता. एवढा विश्वास कुणावर टाकू नये असं आता वाटतं. पण माझ्यावर टाकायला नको होता असं मात्र अजून म्हणवत नाही.

संध्याकाळचे डबे गेले की फोन माझा. त्या वर्षी आमच्या कॉलेजात सगळी मुलं एकच खेळ खेळायची. चारजणांची टोळी करून एका बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. माझी जिवलग मैत्रीण तन्वी आणि मी एका टोळीत. माझा नेम चांगला होता, हे मी आजही छाती काढून सांगते. पण खेळात उतरलेल्या प्रत्येकाच्या अंगावर काय कपडे आहेत ते सगळ्यांना दिसायचं, आणि माझ्या अंगावर खेळ फुकट देतो तो राखाडी शर्ट. चांगले कपडे जेम देऊन मिळत, आणि जेम खऱ्या पैशांनी विकत घ्यावे लागत. मी कुणाला मारलं तरी कानातल्या यंत्रातून अनोळखी पोरं हसायची, "अरे, फुकटीने मारा." मी कधी न पाहिलेल्या मुलांनी मला फुकटी म्हणावं आणि त्याचं मला रडू यावं, हे आज लिहितानाही ओशाळं वाटतं. तेव्हा मात्र रात्री अंथरुणात ते शब्द आठवायचे. निळ्या पंखांचा एक अंगरखा होता, पळताना त्याचे पंख मागं उडायचे. मला तो हवा होता. दुसरं काही नको होतं.

पहिल्यांदा मी ऐंशी रुपयांचे जेम घेतले, आईच्या खात्यातून, न विचारता. पिन टाकला आणि श्वास धरून मिठूकडे पाहत बसले. मिठू गप्प. तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी कळायला नको होती. आलेले पैसे मिठू ओरडून सांगायचा. गेलेल्या पैशांबद्दल तो चकार शब्द काढत नसे. पुढच्या आठवड्यात तन्वीनं रोख शंभर दिले आणि म्हणाली, मलाही भरून दे. मग तिच्या बहिणीनं दिले. नोटा मी गुपचूप आईच्या पैशांच्या डब्यात टाकायची आणि फोनवरून जेम भरून द्यायची. आईचं काही जात नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

खेळातच मला शेरा भेटला. ते त्याचं खेळातलं नाव. खरं नाव, वय, गाव, काहीच मला कधी कळलं नाही. मी तन्वीला जेम भेट दिलेले त्यानं पाहिले आणि हिंदीत निरोप पाठवला. माझ्या फोनवरून जेमचे पैसे भरले जात नाहीत, लिमिट संपते. मी तुला पैसे पाठवतो, तू माझ्या खेळातल्या नंबरावर जेम भर, वरचे तुझे. मी त्याला आईच्या क्यूआरचा फोटो पाठवला. तोच, जो आईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्यांच्या झोळीला सुईदोऱ्यानं टाचला होता. पहिल्यांदा पाचशे आले, दुसऱ्यांदा हजार. दोन्ही वेळा मी त्याला साडेतीनची वेळ दिली होती, कारण तेव्हा आई दुपारचे रिकामे डबे गोळा करायला गेलेली असायची. मिठू रिकाम्या घरात बोलला आणि मी एकटीनं ऐकला. दुसऱ्या वेळेनंतर शेरानं लिहिलं, "मालती ताई का टिफिन, वर्धा रोड. मम्मी है ना?" क्यूआरवर पैसे पाठवले की समोर नाव येतं, एवढंच त्याचं कारण. पण आईचं नाव त्याच्या हातून लिहिलेलं पाहिलं आणि मी फोन पालथा ठेवला. मी त्याच दिवशी सगळं थांबवायला हवं होतं. मी फक्त तो निरोप पुसून टाकला.

त्याच सुमारास आईला तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम मिळायच्या बेतात होतं. बुटीबोरीला भोयर नावाचे एक ठेकेदार होते, बाबांच्या ओळखीचे. एका कारखान्यात नव्या मशीन बसवायच्या होत्या, बाहेरून साठ माणसं येणार होती, तीन दिवसांचं दुपारचं जेवण, बारा-एक हजारांचं काम. सकाळी ते स्वतः घरी आले, आईच्या हातचा गोळाभात खाल्ला आणि जाताना चप्पल घालत म्हणाले, "ताई, मशीनची गाडी निघाली का ते पाहतो न् पैसे पाठवतो. पैसे आले का पक्कं समजा. मंग उद्या दुपारी घेऊनच या." आई तेव्हापासून गुणगुणत होती. या कामाच्या जोरावर मोठी भट्टी घ्यायची, असं तिनं बाबांना तीनदा सांगितलं. बाबा म्हणाले, "पैसे तर येऊ दे न वं आधी."

त्याच दिवशी शेराचं तिसरं काम ठरलेलं होतं. बारा हजार. एवढी रक्कम ऐकूनच मी नाही म्हणाले होते. त्यावर त्यानं काही धमकी दिली नाही. एक हसरा चेहरा पाठवला आणि खाली लिहिलं, "मालती ताई से बात करूँ?" मी हो म्हणाले, साडेतीनला पाठव म्हणाले. त्यानं दुपारी बाराला पाठवले.

आई ओट्याशी होती, हात कोपरापर्यंत बेसनात. मी ताटं पुसत होते. कोठीतून मिठू बोलला, "बारा हजार रुपये प्राप्त झाले." आईचा हात तसाच थांबला. मिठूच्या तोंडून एवढा मोठा आकडा या घरानं कधी ऐकलाच नव्हता. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि ती म्हणाली, "अवं रेणू, सगळेच पाठवले वं भोयर भाऊनं. एकदमच." आतल्या खोलीत बाबा जागे झाले आणि दारात येऊन उभे राहिले. "किती म्हणाला तो?" आईनं आकडा सांगितला. "थांब, फोन करून सांगतो त्यायले, मिळाले म्हणून," असं म्हणत ती पदराला हात पुसू लागली.

त्या क्षणी मी खरं बोलले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आईनं फोन केला की भोयर म्हणतील मी पाठवले नाहीत, मग फोन उघडला जाईल, मग शेरा. मी म्हणाले, "कशाला फोन करतेस? तेच म्हणाले ना, पैसे आले की पक्कं. ते कामात असतील." माझा आवाज अगदी साधा निघाला. आई म्हणाली, "हाव, ते बी खरंच आहे." आणि पुन्हा बेसनात हात घातला. फोन माझ्या हातात थरथरला. "आ गये ना? भर जल्दी." मी मागच्या मोरीत गेले, नळ सोडला आणि ओल्या बोटांनी त्याच्या नंबरावर जेम भरले. वर उरलेल्या जेमचा निळ्या पंखांचा अंगरखा घेतला. मिठूनं त्यातलं काहीच सांगितलं नाही.

ती दुपार माझ्या आठवणीत वासासकट आहे. आईनं भट्टीसाठी साठवलेले रोख पैसे कोठीमागून काढले. मिठूतले राहू दे, बँकेत बरे आहेत, म्हणाली. बाबा सायकलीवर दोन खेपा करून तांदूळ, हरभऱ्याचा भरडा, वांगी, लसूण, तेलाचा डबा घेऊन आले. शेजारून दोन मोठी पातेली आली. आईनं भरडा तेलात कालवला, तिखट, हळद, जिरं घातलं आणि आम्ही दोघी परातीभोवती बसून गोळे वळायला लागलो. माणशी चार, म्हणजे दोनशे चाळीस. आई खाप्याच्या गोष्टी सांगत होती, कन्हानच्या वाळूत टरबुजं कशी पिकायची, तिचे वडील लग्नाच्या पंगतीला गोळाभात कसा वाढायचे आणि वर कढत तेलाची फोडणी कशी सोडायचे. मी प्रत्येक गोळ्याला मनात म्हणत होते, हा झाला की सांगते. शंभर झाले. दीडशे झाले. "हात थांबून राहिले तुहे," आई म्हणाली, "भूक लागली का वं?" तिनं स्वतःच्या हातानं मला भरड्याचा एक घास भरवला. तो मला गिळवेना. आजही कुणी भरडा कालवायला घेतला की मी स्वयंपाकघरातून बाहेर येते. माझ्या सासूबाईंना वाटतं मला गोळाभात आवडत नाही. आवडतो. खाववत नाही.

त्या रात्री मी डोळे मिटून पडून राहिले आणि पहाटे आईच्या बांगड्यांच्या आवाजानं उठले. अकराच्या सुमारास आळीतला ऑटो दारात आला. पातेल्यांना फडकी बांधली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण ऑटोत जागा नव्हती आणि ते रात्रपाळी करून आलेले, म्हणून ते मागं राहिले. मी आणि आई गेलो. गरम पातेलं माझ्या मांडीला चटके देत होतं आणि मला ते बरं वाटत होतं. मधेच कुठं ऑटो बंद पडावा, असं मी मनात म्हणत होते. तो पडला नाही.

कारखान्याच्या गेटवर रखवालदारानं आत निरोप दिला. भोयर बाहेर आले आणि पातेल्यांकडे पाहून जागीच थांबले. "ताई, हे काय? मशीनची गाडी तर अजून रायपूरच्या इकडंच आली नाही. माणसंच नाही आले. मी कुठं पैसे पाठवले?" आई हसली. भोयर थट्टा करत आहेत असं तिला वाटलं. "भाऊ, बारा हजार आले न काल. आमचा मिठू बोलला." भोयरांनी कपाळावर हात ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. हळू आवाजात म्हणाले, "ताई, माह्या पोराची शपथ, मी नाही पाठवले. दाखवा बरं." आईनं पर्समधून फोन काढला, एकदा त्या पडद्याकडे पाहिलं आणि माझ्यापुढे धरला. "रेणू, उघडून दे न वं. भाऊले दाखव."

मी पिन टाकला. पान उघडलं. बारा हजारांच्या ओळीखाली गेलेल्या पैशांच्या ओळी होत्या, एकाखाली एक. फोन भोयरांच्या हातात द्यायला मी हात पुढं केला आणि तो हात परत घेतला. "आई," मी म्हणाले, "हे भाऊंचे पैसे नाहीत. माझ्यासाठी आले होते. खेळातले जेम भरायला. मी ते भरून टाकले." भरधाव ट्रक गेला, त्याची धूळ पातेल्यांच्या फडक्यांवर बसली. "तुह्यासाठी आले," ती म्हणाली. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो तिनं मिठूला किंवा मला कधीच विचारला नव्हता. "कोणाचे वं?"

मी शेरा म्हणायला तोंड उघडलं आणि पडद्यावर पाहिलं. तिथं शेरा नव्हता. तिथं एका बाईचं नाव होतं, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनाव आमच्याकडचं नव्हतं. आदल्या दिवशी एवढे पैसे आले आणि मी नावाकडे पाहिलंही नव्हतं. कोण ही बाई, तिनं काहून पाठवले, भोयर विचारत होते. मला माहीत नव्हतं. मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. आईनं आणखी एकच विचारलं, अगदी हळू, "त्याले माहं नाव माहीत आहे का?" मी मान हलवली. घरचा रस्ताही माहीत आहे, हेही सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्यामुळं माझ्या आईला भीती वाटली, हे मी त्या क्षणी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्यापुढं मार परवडला असता.

तिनं मला मारलं नाही. ती वळली, झोळीला टाचलेला क्यूआरचा कागद तिनं दातांनी दोरा तोडून काढला आणि ब्लाउजमध्ये खोचला. मग पातेल्याचं फडकं सोडलं. "अन्न गरम आहे," भोयरांना म्हणाली, "वापस नाही नेत मी." पाळी सुटायची वेळ होती. माणसं गेटमधून बाहेर पडत होती, बरीचशी बिहार-ओडिशाकडची. भोयरांनीच त्यांना हाका मारल्या. ते गोळ्यांकडे पाहत हसत होते, हे काय म्हणून विचारत होते, आणि एक घास खाल्ला की दुसऱ्याला बोलवत होते. जेवून झालं की फोन काढून कोड शोधायचे. "स्कॅन नाही आज भाऊ," आई सांगायची, "रोख असन तर द्या. नसन तर राहू द्या." बहुतेकांकडे रोख नव्हतं. भोयरांनी मात्र पाचशेची नोट काढून पातेल्याच्या झाकणावर ठेवली. मी फोडणीचं तेल वाढत होते. आईनं मला फक्त "वाढ" म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी बँकेनं खातं गोठवलं. पुढं कळलं ते असं. ती बाई दूरच्या एका गावातली, नवरा वारलेला. वीज कापतो, आताच्या आता पैसे भर, असं कुणीतरी तिला फोनवर घाबरवलं आणि आमचा कोड दिला. तिनं तक्रार केली. ते पैसे जिथं जाऊन पोचले ते खातं मालती नावाच्या एका डबेवालीचं निघालं. पोलिसांचा फोन आला तेव्हा आईनं दोन्ही हातांनी फोन धरला होता आणि उभ्या उभ्या "हो साहेब, हो साहेब" करत होती. मला वाटलं, आता हिला घेऊन जातील. ते सगळे दिवस मी दाराची कडी वाजली की मोरीत जाऊन लपायची. बाबांनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, शेराचे राहिलेले निरोप छापून घेतले आणि ते घेऊन स्वतः गेले. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. दोन पाळ्या सलग करून त्यांनी त्या बाईचे पैसे भरले. शेरा कधी सापडला नाही. खेळात त्याचं नाव शोधलं तर असा कुणी नाही असं उत्तर यायचं. निळ्या पंखांचा अंगरखा मी एकदाही घातला नाही. खेळ उघडायचंच धाडस झालं नाही.

खातं सुटायला साडेतीन महिने गेले. तोवर मिठू कोठीतच पडून होता, वायर गुंडाळलेला. खातं सुटलं त्या दिवशी आईनंच तो बाहेर काढला, पुसला आणि खिळ्याला लावला. मी फोन तिच्या हातात दिला होता, पिन तिनं स्वतः ठरवला होता आणि मला सांगितला नव्हता. दुपारी मिठू बोलला, "सत्तर रुपये प्राप्त झाले." आई पोळी लाटत होती. पूर्वीसारखी मान हलवायच्या ऐवजी तिनं लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "कोणाचे वं?" मी फोन उचलून वर आलेल्या निरोपातलं नाव वाचलं. मिहानमधला आमचाच एक मुलगा होता. "बरं," म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली. त्यानंतर आई डबे करत होती तेवढी सगळी वर्षं मिठू बोलला की ती हेच विचारायची. मी घरात असले की मला, नसले की येताच. राग नव्हता त्यात, पुढं पुढं तर नुसती सवय उरली. पण एकदाही तिनं न विचारता मान हलवली नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी, हळद लागलेली असताना, कुणाचा तरी आहेर मिठूवर आला आणि मांडवातून आईचा आवाज आला, "रेणू, कोणाचे वं?"

मी ओल्या हातांनी फोन उचलला आणि नाव वाचून दाखवलं.